घरातल्या सायकलचा टायर

गॅलरीतल्या फरशीवर रोज काळा भुगा पडतो. माझ्या सायकलच्या मागच्या टायरचा. नजर अधू झाली तशी सुनेनं सायकल लोखंडी स्टँडवर चढवली. मागचं चाक खालच्या रोलरवर घासत फिरतं, आणि मी जागच्या जागी पायडल मारत बसतो. आवाज असा, की खालच्या मजल्यावरचे विचारतात, गिरणी काढली काय?

परवा सून गुळगुळीत टायर घेऊन आली. "अण्णा, हा खास घरात चालवायचा. आवाज नाही, भुगा नाही."

"आणि रस्त्यावर?"

"रस्त्यावर घसरतो म्हणे. पण तुम्हाला आता कुठं जायचंय?"

ती सहज बोलली, मला मात्र झोंबलं. शाळा दुसरीत सुटली माझी, सायकल कधी सुटली नाही. टायर घेताना माणूस आधी रस्ता बघतो. मुरमाला जाड नक्षी, डांबराला बारीक. इथं बघायचं काय, फरशी? चप्पल झिजते, पण कुठंतरी जाऊन आलेली असते. हा टायर झिजून काय बघणार?

"परत देऊन ये तो," मी म्हणालो.

"मग फरशी तुम्हीच पुसा!"

"पुसतो की!"

आता गुडघे टेकून मीच पुसतो. आज पुसता पुसता टायरवरून बोट फिरवलं. मधली नक्षी पार गेलीय. रस्त्यासाठी राखलेला टायर मीच घरात बसून गुळगुळीत केला. सुनेला अजून सांगितलेलं नाही.