बाहीखालचा दोरा

रामाकोना गावच्या बुद्धविहारात रविवारी वंदना आणि देव नाकारणाऱ्या बावीस प्रतिज्ञा सांगायच्या त्या दीपालीनेच. त्या आजोबांनी, भाऊराव आबांनी, तिच्याकडून लहानपणीच पाठ करून घेतल्या होत्या. देवदेव करणाऱ्यावर आबा असे तुटून पडत की त्यांच्यासमोर नवसाचं नावही कोणी काढत नसे.

आणि त्यांच्याच घरात, सतरा वर्षांच्या या पोरीच्या मनगटावर मारुतीचा लाल दोरा! आता बोला. बाप संदीप, संत्र्याच्या तोडणीला जाणारा धडधाकट माणूस. लिव्हर बिघडलं, ताप चढला आणि खाटेला खिळला. नागपूरचे डॉक्टर धड काही सांगेनात. तेव्हा आईने, चंद्रकलाने, गुपचूप नवस बोलला. संदीपजवळ आबा बसलेले असत, त्याच्या हाताला दोरा लगेच दिसला असता. म्हणून तिने तो पोरीला बांधला आणि बाप उठेस्तोवर सोडायचा नाही असं बजावलं.

चार दिवसांत बापाचा ताप उतरला. झालं, पोरगी फसली. दोरा सोडला आणि बापाचं काही बरंवाईट झालं तर? ठेवला, तर देव मानणार नाही असं भर विहारात खोटं बोलायचं. कडक उन्हात ती लांब बाह्यांचा कुर्ता घालून फिरे. बाप जातो की काय ही धास्ती, त्यात ही चोरी. तिला स्वतःचीच किळस येऊ लागली.

शेवटी तिने ठरवलं, आबांना दिसू द्यायचं. ते भडकतील, आईला फाडून खातील, दोरा स्वतःच्या हाताने तोडतील. म्हणजे खापर आपल्या डोक्यावर फुटणार नाही. चहा देताना तिने बाही मुद्दाम वर सारली.

आबांनी दोरा पाहिला. आतून संदीपचं कण्हणं ऐकू येत होतं.

"झाकून घे," ते हळूच म्हणाले. "तोडू नको."

"आबा, तुमीच तं सांगता, याच्यात काही नसते म्हणून."

"नसतेच. पन पोरगा माहा हाय, बाई."

तिने बाही खाली ओढून बटण लावलं. आबांच्या धाकाचा तिला आजवर रागच यायचा. आज तोच धाक हवा होता, तर तो कुठे उरलाच नव्हता. दोरा ठेवायचा की सोडायचा, आता विचारायचं तरी कोणाला?

रविवारी तिने प्रतिज्ञा सुरू केल्या. सगळे तिच्यामागे म्हणत होते. आबांचे ओठ मात्र मिटलेले होते. ते तिच्याकडेच पाहत होते, तू म्हण म्हणून. तिने पुढची म्हटली.