पाच खिळे

आमच्या गल्लीतले फौजीकाका नसते, तर या दूरच्या शहरातल्या संग्रहालयात मला कुणी उभं केलं नसतं. इथं जुन्या बंदुकांना तेलाचं फडकं मारलं की त्या वासानं आमच्या परतूरचं स्टेशन आठवतं. मी इथल्या गाइडच्या नोकरीच्या मुलाखतीला निघाले होते, गाडी लेट होती, आणि माझी शाळा आठवीतच सुटलेली. बंदुका कशा भरतात ते विचारणार, एवढं कळलं होतं. सोडायला आलेल्या काकांनी पत्र्यासाठी घेतलेले पाच तेलकट खिळे बाकावर ठेवले. "आधी नळीच्या तोंडातून दारू अन् गोळी ठासायचे. मंग मागून एकेक काडतूस घालाया लागले. आमच्या थ्री नॉट थ्री रायफलीत पट्टीत बसवलेली पाच काडतुसं वरून एकदम दाबायची. हे खिळे काडतुसं समज, रच बरं." मी खिळे एकावर एक रचले. वरचा पुढं ढकलला, तर अडकला. "झालं! दुश्मन चहा पिऊन गेला," काका हसले. "वरच्याची टोपी खालच्याच्या पुढं पाह्यजे, पोरी. काडतुसाच्या बुडाला बी अशीच कड असती." गाडी येईपर्यंत मी रचत राहिले. मुलाखतीत साहेबांनी नेमकं विचारलं, काडतूस अडकतं कशानं? माझी बोटंच आधी हलली, मग कडांचं सांगितलं, आणि नोकरी मिळाली. आता दिवसभर उभं राहून पाय भरून येतात, तेच ते सांगून घसा बसतो. दाराजवळच्या, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या खुर्चीवर आम्हाला बसू देत नाहीत. काकांचे गुडघे गेलेत, तरी एक दिवस त्यांना इथं आणीन, त्या खुर्चीवर बसवीन, आणि लोकांना सांगेन, आज यांना विचारा.