पेरूच्या झाडाला टांगलेली घंटा

साठीत मी फार हुशार होते. आता सत्तरीत ती बाई आठवली की वाटतं, तिला अकोल्याच्या उन्हात उभी करावी आणि दोन धपाटे घालावेत.

लेकीकडे अमरावतीला गेलो होतो. तिथं आमच्या मालकांच्या छातीत कळ आली आणि तिथल्याच दवाखान्यात स्टेंट बसला. घरी सोडताना डॉक्टरांनी एक कागद दिला. पहिला आठवडा घरातल्या घरात चालायचं, मग अंगणात, मग गल्लीच्या टोकापर्यंत. मी मान डोलावली आणि कागद फायलीत एक्स-रेच्या मागे खुपसला. बाप्पा! काळजात तार घातलेल्या माणसाला कोणी चालवतं का?

अकोल्याला परतलो तेव्हा एप्रिल तापला होता. कूलरसमोर पलंग टाकून मालकांना आडवं केलं. मग पाहायला येणाऱ्यांची रांग लागली. प्रत्येकाच्या हातात मोसंब्यांची पिशवी आणि तोंडी एकच, "भाऊ, उठू नोका बरं!" ते उठू लागले की चार हात त्यांना परत निजवत. आजारी माणूस हिंडताना दिसला, तर लोक त्या घरच्या बाईला काय म्हणतील? माझा खरा जीव तिथं अडकला होता.

बैल विकले तेव्हा शेवटच्या जोडीतल्या एकाच्या गळ्यातली पितळी घंटा मालकांनी ठेवून घेतली होती. ती मी त्यांच्या उशाशी बांधली. पाणी हवं, वाजवा. पेपर हवा, वाजवा. घंटा वाजली की मी धावायची. व्यायाम होत होता तो माझाच. "बाई असावी तं अशी," असं लोक म्हणत आणि मी फुगत होते.

तीन आठवडे असे गेले. एका दुपारी शेजारची खाला आली. तिनं मोसंबी आणली नव्हती. आल्या आल्या तिची नजर पलंगाच्या पायथ्याशी गेली आणि तिनं चादर बाजूला केली.

"आपा, ये पैर देखो."

डावी पोटरी उजवीच्या दीडपट झाली होती. लालसर, गरम. मी बोट दाबलं तर खळगा पडला आणि तसाच राहिला.

"कधीपासून दुखून राहिलं?"

"दोन दिवस झाले."

"मंग सांगितलं काहून नाही?"

"तू म्हणे पडून राहा. राहिलो पडून."

खालाच्या लेकाच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. सोनोग्राफी झाली. पायात रक्ताची गुठळी. डॉक्टर वयानं माझ्या लेकीएवढे असतील. "ही सुटून फुप्फुसात गेली असती तर..." एवढं बोलून ते थांबले. मग म्हणाले, "चालायला सांगितलं असेल ना? यांना झोपवून कोणी ठेवलं?"

मालक म्हणाले, "मीच आळशी हाव, साहेब."

त्यांचं ते खोटं मला ऐकवेना. "नाही साहेब," मी म्हटलं, "म्या ठेवलं." आणि सोबत आणलेल्या फायलीतून एक्स-रेच्या मागचा कागद काढून टेबलावर ठेवला.

इंजेक्शनं झाली, रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू झाल्या. आठवड्याभरानं घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, "आता चालले नाहीत तर पुन्हा होईल." पण तीन आठवड्यांत माझ्या माणसाच्या मांड्या काठीसारख्या झाल्या होत्या. पलंगावरून उतरायचीही त्यांना भीती वाटे.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठून मी ती घंटा सोडली आणि फाटकाजवळच्या पेरूला टांगली.

"चहा पायजे तं तिथून वाजवा."

"अन् पडलो तं?"

"तिथंच आणून देईन."

बोलले खरी, पण धावत जाईन म्हणून स्वयंपाकघराच्या दाराला आतून कडी घातली आणि चहाचं आधण ठेवलं. बाहेर जायचं नाही, असं मी स्वतःला बजावलं. चपलेचा आवाज आला. एक. दोन. मग थांबला. उंबरठा असावा. पुन्हा आवाज, आणि पुन्हा काहीच नाही. चहाचं आधण निम्मं आटलं. गुठळी सुटली असेल का? मी कडीवर हात ठेवला. आता गेले तर हा माणूस पुन्हा माझ्या खांद्यावर येईल. नाही गेले आणि तो खाली पडला असेल तर? कडी सरकवली, परत लावली.

मग घंटा वाजली. एकदाच, बैलानं माशी झटकावी तशी.

"अवं! चहा आण! अन् खुर्ची!"

"खुर्ची नाही," मी आतूनच ओरडले. "चहा इकडं हाये. या."

त्यावर त्यांनी रागानं घंटा अशी बडवली की खाला केस मोकळे सोडूनच गच्चीवर धावली. "क्या हुआ, आपा?"

खिडकीतून मला ते दिसले. भिंतीला हात लावत, मला शिव्या घालत, एकेक पाऊल टाकत येत होते. डोळे पुसून मी आधणात पाणी वाढवलं.

"काई नाही वं," मी म्हटलं, "आमचा बैल घरी येऊन राहिला."