इंजिनाची राख आणि मेथीचे वाफे

यज्ञेश्वरपंतांनी तीस वर्षं झाशीच्या रेल्वेत कोळशाचं इंजिन हाकलं आणि १९५८ साली निवृत्त होताच त्यांना मास्तर व्हायची हौस आली. प्रेमनगरजवळ कोळसा वाहणाऱ्यांची वस्ती होती. तिथल्या पोरांच्या ताटात भाजी पडायची ती सणासुदीलाच. शेजारची रेल्वेची पडीक जागा पंतांनी साहेबांचे उंबरे झिजवून मागून घेतली. अट एकच: दिवाळीपर्यंत मळा दिसला नाही, तर जागा परत.

रोज संध्याकाळी पंत वस्तीतल्या आठ बायकांना भाजी लावायला शिकवू लागले. फुकट, पण काय तो तोरा! त्यांची आई अळवाच्या बुडाशी चुलीतली राख घालायची, एवढंच त्यांचं ज्ञान. त्यांनी इंजिनं उभी राहतात त्या लोको शेडमधून गाडाभर राख आणवली. रेल्वेच्या माणसाला राख म्हणजे राख. दिवसभर कोळसा वाहिलेल्या बायकांनी तीही निमूट वाहून वाफ्यांत मिसळली. मेथी उगवली आणि आठ दिवसांत पिवळी पडून तिने माना टाकल्या.

तेव्हा त्या आठांतली भानुमती बोलली. ती झाशीजवळच्या बरुआसागरच्या भाजीवाल्या शेतकऱ्याची लेक.

"दादा, जा तो पत्थर के कोयला की राख आय. चूल्हे की राख और होत." दगडी कोळशाची राख रोपं जाळते, चुलीतली लाकडाची राख पोसते.

"पहले क्यों नहीं बोली?"

"आप सिखा रए ते."

पंतांचं तोंड एवढंसं झालं. आता कुणी येणार नाही, जागाही गेली, असं घोकतच ते दुसऱ्या दिवशी गेले. आठही जणी फावडी घेऊन हजर होत्या. पंतांनी सगळ्यांसमोर हात जोडले. भानुमतीने हुकूम सोडला आणि राखेची माती उपसली गेली. सदर बाजारच्या टांगा अड्ड्यावरून जुनी, कुजलेली लीद आली. त्यातल्या चार पाट्या पंतांच्या डोक्यावरून आल्या.

दिवाळीच्या तोंडावर साहेब आले. मेथी, मुळा, पालक बघून त्यांनी विचारलं, "किसने सिखाया?"

आठही बोटं पंतांकडे वळली. पहिलं बोट भानुमतीचं होतं.

पंत पुढे झाले. "साहब, मैंने तो सब जला दिया था. बचाया इन्होंने."

जागा वस्तीकडेच राहिली. पुढच्या हंगामापासून भानुमती शिकवायची आणि पंत बायकांच्या रांगेत पोत्यावर बसून ऐकायचे. घरी बायकोला, दुर्गाबाईंना, म्हणायचे, "नशीब माझं, चुकलो ते त्या बायकांपुढे चुकलो."