नीरफणसाचा रावण

पहाटे चारला भिकाचा दिवस सुरू व्हायचा. पेठ फाट्यावरच्या झोपडीबाहेर तो कानशीने करवतीचे दात घासत बसे. धार नसली की मेहनत वाया जाते, आणि ते त्याला खपत नसे. तो मला मामा म्हणायचा; आम्ही दोघे जोडीने झाडं कापायचो. दोघांच्या करवतीत फक्त ओढायचं असतं. ढकललं की पातं वाकतं. इतक्या वर्षांत भिकाने एकदाही ढकललं नाही.

त्याचं गाव पेठच्या पलीकडे डोंगरात. तिथे चैत्रात बोहाडा होतो. देवांचे, राक्षसांचे लाकडी मुखवटे घालून माणसं रात्रभर नाचतात. कोणतं सोंग कोणत्या घराचं, हे ठरलेलं. रावण भिकाच्या घराचा, आजोबापासून. मुखवटा सागाचा, दहा तोंडांचा, जड. ओंडके वाहून भिकाची मान गेली होती. गेल्या बोहाड्यात तो अर्ध्या फेरीतच खाली बसला. यंदा पंचांनी बजावलं, "औंदा पुरी फेरी झाली नाय, तर रावण लखनच्या घरी." लखन त्याचा चुलतभाऊ. त्याची मान जाड.

फाल्गुनात शहरात, इंदिरानगरात काम मिळालं. प्रतिभाताईंचा जुना बंगला पाडायचा होता, आवारातलं झाड आधी काढायचं होतं. पानं सुपाएवढी, कातरलेली. असं झाड आम्ही कधी कापलं नव्हतं. करवत सरसर गेली. भिकाने बुंध्याचा तुकडा खांद्यावर घेतला, खाली ठेवला, पुन्हा उचलला आणि एकदम ओरडला, "मामा, हलकं हाय! लय हलकं!"

"नीरफणस तो," ताई म्हणाल्या. "मालवणहून, माहेराहून रोप आणलं होतं. थंडीत मी त्याला गोणपाट गुंडाळायची." याचे सुकलेले फुलोरे जाळले की डास पळतात, हेही त्यांनी सांगितलं.

"ताई, ह्यो बुंधा मला द्या."

"न्या की. जाळायला?"

"जाळायला? ह्याचा रावण करायचाय!"

"मग थांबा, रावणालाही चहा टाकते," ताई हसल्या.

बुंधा टेम्पोने गावी गेला. भिकाही गेला. दिवसभर पटाशी चालायची. ओल्या लाकडातून चीक निघून पटाशी हाताला चिकटायची, म्हणून तो हाताला तेल लावून बसे. दहा तोंडं उतरली. मग त्यांच्याकडे पांगाऱ्याचा मुखवटा वाळवतात तसा त्याने हाही चुलीवर धुरात टांगला. पांगाऱ्याला ते चालतं. याच्या पोटात अजून पाणी होतं.

बोहाड्याच्या आदल्या सकाळी मी इंदिरानगरात होतो. झाडाचा जमिनीत राहिलेला बुडखा खोदायला जेसीबी आला होता. भिकाचा फोन आला.

"मामा, रावण फाटला. मधल्या तोंडाच्या ओठापासून हनुवटीपर्यंत. बोट जातं आत."

मागून त्याची बायको अक्काबाई ओरडत होती, "दहा तोंडं केलीस, एकानं तरी सांगायचं व्हतं, चुलीवर नको टांगू म्हणून!"

ताईंनी माझ्याकडून ऐकलं आणि फोन हातातून ओढूनच घेतला. "भिकाभाऊ, आमच्याकडे होडीची फट याच झाडाच्या चिकाने बुजवायचे. बुडखा अजून जिवंत आहे, कोंब फुटलेत. मिळेल ती जीप पकडा!"

जेसीबीवाला कुरकुरला. ताई बुडख्याशेजारी खुर्ची टाकून बसल्या. "आधी चीक, मग खोदकाम. तोवर भजी खा."

भिका फाटकातून धावतच आला. बुडख्याजवळ बसला, कुऱ्हाडीने सालीला तिरपी खाच मारली. पांढरा, दाट चीक बाहेर आला. ताईंनी करवंट्या आणल्या. मी खाचा मारत गेलो, तो करवंट्या लावत गेला. करवंट्या भरल्या तेव्हा जेसीबीवालाच म्हणाला, "आणखी एक मारा, कमी पडायला नको."

त्याच दुपारी गावी त्याने चिकात त्याच लाकडाचा भुसा कालवला. फट भरली, वरून दोरी आवळली. दुसऱ्या दिवशी दोरी सोडली. अक्काबाईने मुखवटा पालथा धरला आणि आतून हनुवटीच्या खोलगटात तांब्यातलं पाणी ओतलं. थेंब गळला नाही. तिने तांब्या खाली ठेवला आणि स्वतःच लाल रंग कालवायला घेतला.

रावण उजाडताना येतो. सनई चढली, संबळ कडाडला, आणि भिका मैदानात आला. दहा तोंडं, दोन हात, दोन तलवारी. वेशीपर्यंत नाचत गेला. वळला. गेल्या खेपेला बसला होता त्या जागी तर त्याने गिरकी घेतली! बाया किंचाळल्या. लखन संबळवाल्याला ओरडला, "वाजव रं, थांबू नको, आमचा रावण अजून तापलाय!"

फेरी पुरी झाली. पंचांनी नारळ भिकाच्या हातात ठेवला. त्याने मुखवटा उतरवला. मान ताठ होती. तो घामाने निथळत होता, हसत होता.

"लाकूड बघा मामा," तो म्हणाला, "एका हातावर राहतं."

फाट्यावर कामासाठी थांबणारे आम्ही सगळे मजूर तिथे उभे होतो. कुणाकडे भाड्याला पैसे नव्हते. ते झाड कापल्याची भिकाची सगळी मजुरी आम्हाला आणणाऱ्या जीपला गेली. येण्याचं आणि परत जाण्याचं भाडं.