बाजारतळावरचा फोटो

प्रिय सई आणि ओंकार,

हिराबाई गेल्याचं मी फोनवर सांगितलं, तेव्हा सईने विचारलं, "बांगड्यावाली आजी? तिला ते सरकारी पैसे मिळाले का गं शेवटी?" मी नुसतं "नाही" म्हटलं आणि विषय बदलला. करोनात तिकडे परदेशात तुमच्या कोपऱ्यावरच्या कॉफीवाल्याला घरबसल्या मदत मिळाली होती, म्हणून तुला ते 'नाही' विचित्र वाटलं असणार. मलाही ते पुरेसं वाटत नाही... म्हणून आता सगळं नीट लिहिते आहे.

हिराबाई आपल्या मागच्या गल्लीत राहायच्या आणि आठवडाभर गावोगावच्या बाजारांत बांगड्या भरायच्या. काष्टीच्या बाजारात त्यांची जागा ठरलेली होती. धंदा असा की दुसऱ्याचा हात हातात घेतल्याशिवाय तो होतच नाही. सई, तू लहान असताना त्यांनी तुझा अंगठा आत वळवून बांगडी अशी अलगद चढवली, की तू रडायचं विसरलीस. करोना आला आणि नेमकं हात धरणंच बंद झालं.

मग छोट्या धंद्यांसाठी अनुदान जाहीर झालं. बाजार उघडेल तेव्हा नवा माल भरायला हिराबाईंना ते हवं होतं. अर्ज मी भरला. एका कचेरीत सांगितलं, धंदा करता त्या गावी द्या. तिथे सांगितलं, राहता त्या गावी द्या. अखेर एका कारकुनाने अर्ज घेतला, चाळला आणि म्हणाला, "धंदा चालू असल्याचा फोटो लागेल."

"सायब, बाजारच बंद हाय. तुमीच बंद केलाय न्हवं?"

"ते मला नका सांगू, आजी. नियम आहे."

म्हणून आजोबांनी गाडी काढली आणि आम्ही काष्टीच्या ओस बाजारतळावर गेलो. हिराबाईंनी गोणपाट अंथरलं, बांगड्या मांडल्या. आजोबांनी मोबाईल धरला, तशा त्या मला म्हणाल्या, "नुस्तीच बसले तर धंदा कसा दिसंल? बाई, हात द्या." त्यांनी माझ्या हातात हिरव्या बांगड्या भरायला घेतल्या.

"मास्क तरी लावा," आजोबा म्हणाले.

"आन मग वळखनार कसं? कारकुनाला वाटंल, तुमी दुसरी बायको बसवलीय."

आम्ही हसत असतानाच पोलीस आला. टाळेबंदीत दुकान मांडल्याबद्दल दंड भरून आजोबांनी पावती घेतली. अर्जाचं उत्तर आलं ते असं : फोटोवरून टाळेबंदीत व्यवसाय सुरू असल्याचे दिसते, सबब अर्जदार अपात्र. हिराबाईंना मी ते वाचून दाखवलं. "फोटो लई चांगला आला," त्या म्हणाल्या. "त्याचंच वाईट झालं."

मी पुन्हा अर्ज केला, खुलासा जोडला, पोलिसाची पावतीही जोडली. प्रकरण वर पाठवलंय, एवढंच ऐकू येई. बाजार उघडला तेव्हा हिराबाईंनी कानांतली सोन्याची फुलं मोडून माल भरला आणि कानांत कडुनिंबाच्या काड्या घातल्या. "भोकं बुजाय नकोत. आनुदान आलं की फुलं घ्यायचीत." पुढे योजनेची मुदत संपल्याचं कळलं. मी त्यांना तेही सांगितलं. "व्हय का," म्हणाल्या आणि समोरच्या बाईचा हात धरून बांगड्या भरत राहिल्या.

त्यांना शेवटचं भेटायला गेले, तेव्हा त्या बाजेवर पडून होत्या. बोलणं फारसं होत नव्हतं. माझं लक्ष त्यांच्या कानांकडे गेलं. काड्या हिरव्या होत्या, म्हणजे नुकत्याच बदललेल्या... इतक्या वर्षांनीसुद्धा. वय झालं होतं, त्या गेल्या, हे मी समजू शकते. त्या ताज्या काड्यांचं काय करायचं, हे मला अजून समजत नाही. घरी येऊन आजोबांवरच उगीच ओरडले.

तो फोटो आजोबांच्या मोबाईलमध्ये आहे. त्यात भरलेल्या बांगड्यांपैकी चार अजून माझ्या हातात आहेत.

तुमची आजी