धुरी दिलेलं फिल्टरचं कापड

वसई पूर्वेला आमच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत धूळ इतकी, की सकाळी उभी केलेली पांढरी गाडी दुपारी मालकालाच ओळखू येत नाही. एकजण तर शेजाऱ्याची गाडी घेऊन पार विरारला पोचला आणि काच पुसल्यावर त्याला आतले गणपती वेगळे दिसले. हे मी स्वतः पाहिलेलं नाही, पण इतक्या वेळा सांगितलंय की आता पाहिल्यासारखंच आहे. अशा जागी धूळ पकडणारं कापड काढायचं मी ठरवलं, यात माझी हुशारी ती काय? गिऱ्हाईक दारातच उडत होतं.

गाळा माझ्या काकीचा. काका गेल्यावर तिने एकटीने चालवला. तिथे पिशव्यांचं कापड निघायचं. मी वर्षभर तिच्या डोक्याशी भुणभुण करून शेजारी एक छोटं नवं मशीन बसवायला लावलं. जत्रेत म्हातारीचे केस करणारा माणूस तुम्ही पाहिला असेल, हे मशीन म्हणजे त्याचा इंजिनिअर झालेला भाऊ. प्लास्टिकचा दाणा वितळतो, सुईच्या टोकाएवढ्या भोकांतून बाहेर येतो, आणि त्यावर गरम हवेचा असा झोत बसतो की धागा ताणत ताणत माणसाच्या केसाहून कितीतरी बारीक होतो. असे लाख धागे जाळीवर पडले की कापसासारखं कापड तयार. मग दुसऱ्या टेबलावर ते हजारो व्होल्टच्या रॉडखालून सरकवायचं. वीज धाग्याच्या अंगात मुरते आणि तिथेच मुक्काम करते. ना वायर, ना बॅटरी. हवा आरपार जाते, पण धुळीचा कण जवळून जायला लागला की धागा त्याला ओढून घेतो. मास्कच्या आतला थर, हवेचा फिल्टर, फर्निचर पुसायचं फडकं, सगळं यातूनच.

पहिल्यांदा चार्ज दिलेलं कापड मी हातात घेतलं तेव्हा ते हाताला चिकटलं, हाताचं शर्टाला चिकटलं, आणि काकी सोडवायला आली तर तिच्या पदराला. तुळिंजहून येणारा आमचा ऑपरेटर म्हणतो, "सेठ, त्या दिवशी भिंतीवरची पाल पण दोन पावलं मागे सरकली." मी त्याला दुरुस्त केलं. चार पावलं.

खरा प्रश्न कापड विकण्याचा होता. एअर फिल्टर बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीच्या मॅडम तपासणीला यायला तयार झाल्या, पण त्यांना सवड मिळाली ती नेमकी खंडेनवमीला. आधी आमच्याकडे, मग हायवेने सरळ वर उमरगावला, तिथल्या कारखान्याचं कापड बघायला. आमचं पसंत पडलं तर उमरगावला जायचं कारणच नाही. काकीने मला आदल्या दिवशी स्पष्ट सांगितलं होतं, "बाई नाय बोलली, तर ह्या मशीन मी विकनार. तू परत पिशव्यांवर बसायचा. मना अजून एक वर्ष तुझी भुनभुन ऐकायची नाय."

मी म्हटलं, "काकी, बाई कापड बघेल आणि इथेच राहायला खोली शोधेल."

नवमीला सकाळी मशीनची पूजा झाली. झेंडूच्या माळा, हळदकुंकू, नारळ. आमच्याकडे पूजा झालेल्या मशीनला दसऱ्यापर्यंत हात लावत नाहीत. त्याने वर्षभर राबायचं, हा एक दिवस झोपायचं. मला काही अडचण नव्हती. तपासणीच्या शीट कापून, चार्ज देऊन ऑफिसात ठेवल्या होत्या. मशीन झोपेना का!

मॅडम आल्या. उंच, चष्मा, हातात सुटकेससारखी पेटी. पेटीतलं यंत्र मिठाचे अतिसूक्ष्म कण हवेत सोडतं, कापडाच्या अलीकडे किती आणि पलीकडे किती ते मोजतं. मी तोवर सुरू झालो होतोच. आमच्या कापडामुळे समोरच्या चहावाल्याचा खोकला कसा गेला, नालासोपाऱ्यातल्या एका मुंजीत भटजींची शेंडी कशी उभी राहिली. मॅडम ऐकत होत्या आणि शीट क्लिपमध्ये अडकवत होत्या.

आकडा आला. त्यांनी चष्मा वर केला. दुसरी शीट. तिसरी. मग म्हणाल्या, "हवा बरोबर जाते आहे. कणही तितक्याच आरामात जातायत. या कापडात चार्ज आहे कुठे?"

मी क्षणभरही थांबलो नाही. "ती ना, बिनचार्जची शीट आहे मॅडम. तुलनेसाठी ठेवली होती."

"तिन्ही?"

"तुलना नीट व्हावी म्हणून."

मॅडमनी शीट नाकाजवळ नेली. "तुलनेला ओव्याचा वास का येतोय?"

तेवढ्यात काकी सुकेळ्यांची बशी घेऊन आत आली. सुकवलेली केळी मॅडमपुढे ठेवून मोठ्या अभिमानाने म्हणाली, "येनार ना वास! सकाळी सगल्यांना धुरी दिली मी. एक पन ठेवली नाय."

आता हे समजायला काकी माहीत हवी. आमच्या गावात कुणाकडे बाळ झालं की न्हाऊ घालायला काकीलाच बोलावतात. न्हाऊ झालं की शेगडीत ओवा, राळ, लसणीची सालं टाकायची, वर वेताची टोपली पालथी घालायची, आणि त्यावर बाळाची दुपटी, लंगोट पसरून उबदार करायचे. अर्ध्या गावाचं बालपण तिच्या टोपलीवर शेकलेलं आहे, माझं धरून. नवं मशीन म्हणजे घरातलं नवं बाळ, त्याचं पहिलंच कापड परक्या घरी चाललंय, तर दृष्ट लागू नये म्हणून तिने ऑफिसातली एकेक शीट नेऊन टोपलीवर पसरली, दोन्ही बाजूंनी. मायेने दिली होती धुरी, हयगय शून्य.

मॅडम खुर्चीत मागे टेकल्या. "मावशी, राळेचा धूर तेलकट असतो. तो धाग्यावर बसला की चार्ज झाकून जातो. मग हे नुसतं कापड उरतं."

काकीच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. आयुष्यात प्रथमच मी तिला गप्प पाहिलं, आणि सांगतो, ते बघायला मला अजिबात आवडलं नाही.

"दुसऱ्या शीट?" मॅडमनी घड्याळ पाहिलं. "मला उमरगावला पोचायचंय."

दुसऱ्या शीट नव्हत्या. पण रॉड यायच्या आधी मशीन जुळवताना काढलेला एक रोल माळ्यावर प्लास्टिकमध्ये गुंडाळून पडला होता, चार्ज न दिलेला. त्याला फक्त रॉडखालून सरकवायचं होतं. आणि आज काहीच चालवायचं नव्हतं.

मी काकीला दाराबाहेर घेतलं. "रॉडचं टेबल चालवू दे."

"पूजा झालीय ना रे! आज कसा चालवनार?"

"पूजा मशीनची झाली. रॉडला कुंकू लागलंय का? मीच ओरडलो होतो, त्याच्या जवळ कुणी ओला हात नेऊ नका म्हणून. ना हळद, ना फूल, ना अक्षता. त्याला कुणी झोप म्हटलेलंच नाही. तो बिचारा सकाळपासून ड्युटीवर उभा आहे."

काकी माझ्याकडे बघत राहिली. लहानपणी मी शाळेतून पोटात दुखतंय म्हणून घरी यायचो तेव्हा अशीच बघायची. "वकील झाला असतास तर गावातला एक मानूस बाहेर राहिला नसता. सगले तुरुंगात."

"काकी, खरं सांग, लागलंय का कुंकू?"

ती स्वतः आत गेली, लांबूनच वाकून रॉड सगळ्या बाजूंनी पाहिला. मग वळली. "नाय लागला. पन मग तो उपाशीच की. सगले जेवले, ह्याला नैवेद्य पन नाय."

"उद्या देऊ."

"उद्या पहिला मान ह्याचा," ती म्हणाली आणि ऑपरेटरला हाक मारली. "ए, रोल काढ रे खाली. आनि ती शेगडी पार गेटबाहेर ठेव!"

ऑपरेटर ओरडला, "काकी, टेन्शन नही लेनेका!" आणि रोल घेऊन असा उतरला की शिडीला वाटलं असेल आपण उगाच उभे आहोत.

मॅडमना मी जेवायला बसवलं. नाही म्हणत होत्या, पण वालाच्या बिरड्यापुढे उमरगाव किती टिकणार? कापड रॉडखालून सरकू लागलं तसा तो बारीक सूं-सूं आवाज ऑफिसापर्यंत आला. हात पुसून मॅडम उठल्या आणि शीट आमच्याकडून न घेता स्वतःच कापल्या, सुरुवातीची, मधली, शेवटची. काकी कोपऱ्यात नाकातोंडावर पदर घट्ट धरून उभी. तिला वाटत होतं आपल्या श्वासानेही कापड बिघडेल.

पहिली. मॅडमनी आकडा लिहून घेतला. दुसरी, तिसरी. त्यांनी सुरुवातीची पुन्हा लावली. मी तोंड उघडलं तर म्हणाल्या, "आता गोष्ट नको." मी तोंड मिटलं. आमच्या इस्टेटीत या घटनेवर अजून कुणाचा विश्वास नाही.

पेटी बंद झाली. "रिपोर्ट बघून कळवते," एवढंच म्हणाल्या आणि गाडीत बसल्या. निघताना काकीच्या पाया पडल्या होत्या, पण पाया तर नापास करणारेही पडतात.

"काय झाला?" काकीने विचारलं. मी तिला हात धरून इस्टेटीच्या गच्चीवर नेलं. पाण्याच्या टाकीपाशी उभं राहिलं की हायवेचा फाटा दिसतो. गाडी तिथे थांबली होती. वर गेली तर उमरगाव, खाली वळली तर मुंबई. मागून ट्रकवाले हॉर्न मारत होते. काकीची बोटं माझ्या मनगटात रुतली.

"तिचा ड्रायव्हर झोपला काय?" ती पुटपुटली.

मग गाडीचा दिवा लुकलुकला आणि ती मुंबईकडे वळली.

काकीने माझा हात सोडला, पदर खोचला. "चल खाली," म्हणाली. "रॉडच्या नैवेद्याला उद्या काय करायचा ते सांग. त्याला गोड चालतो ना?"